वाचकांचे प्रश्न : चांदीच्या डब्या, त्यांचे शिक्के आणि आजीचा करंडा

गेल्या अंकात इंग्लंडमधल्या जुन्या चांदीच्या चिमुकल्या डब्यांचे फोटो छापले होते, त्यावर एवढे मेल येतील असं वाटलं नव्हतं. निम्म्या लोकांनी आपापल्या घरच्या डबीचा फोटो पाठवून फक्त 'किती येतील हो याचे' एवढंच विचारलंय. त्यांना एकदमच सांगते, फोटोवरून मी किंमत सांगत नाही, आणि दुसरं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याला विकायची किंवा विकत घ्यायची घाई आहे असं समजा. बाकीचे प्रश्न मात्र मस्त आहेत, जमतील तेवढे घेते.

आजोबा १९३० च्या आसपास शिकायला इंग्लंडला होते. त्यांच्या ट्रंकेत काडेपेटीपेक्षा लहान अशी चांदीची डबी सापडली. झाकण उघडलं की आत अजून एक नक्षीच्या जाळीचं झाकण आहे, तेही उघडतं, आणि आतून सगळं सोनेरी. सराफ म्हणाले कुंकवाची असेल, आई म्हणते अत्तराची. आत सिंह, जहाजाचा नांगर, एक डोकं आणि एक इंग्रजी अक्षर असे शिक्के आहेत. नक्की काय आहे हे? (सदाशिव पेठ, पुणे)

आई बऱ्याच जवळ पोचल्यात. ही व्हिनेग्रेट, म्हणजे वास घ्यायची डबी. त्या जाळीखाली स्पंजचा छोटा तुकडा असायचा, सुगंधी व्हिनेगरमध्ये भिजवलेला, आणि त्या व्हिनेगरमध्ये लवेंडर, लवंग, दालचिनी असं काय काय मुरवलेलं. साधारण १७८० ते १८८० या शंभरेक वर्षांतली ही चीज. तेव्हाच्या लंडनच्या रस्त्यांवर काय वास असेल विचार करा, उघडी गटारं, घोड्यांची लीद, कारखान्यांचा धूर, आणि १८५८ च्या उन्हाळ्यात तर थेम्स नदीला अशी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये (म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर) भिजवून टांगायची वेळ आली होती. त्यामुळे पर्समधून नाहीतर कमरेच्या साखळीतून डबी काढायची, नाकाशी धरायची, चार पावलं पुढे जायचं. घट्ट कॉर्सेटमुळे बायकांना चक्कर यायची म्हणून ही डबी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते खरंच आहे पण अर्धंच, पुरुषही सर्रास वापरायचे. आणि कल्पना त्याहून जुनी, आठव्या हेन्रीच्या दरबारातला कार्डिनल वूल्झी पोखरलेल्या संत्र्यात व्हिनेगरचा स्पंज भरून हातात घेऊन गर्दीत जायचा.

आतून सोनेरी कशाला, तर व्हिनेगर म्हणजे ॲसिड, ते चांदीला खाणार, म्हणून सोन्याचा मुलामा. जुन्या डब्यांत तो पाऱ्याने केलेला असतो, सोनं पाऱ्यात कालवून तो लेप लावायचा आणि तापवून पारा उडवून द्यायचा (करणाऱ्याच्या तब्येतीचं काय व्हायचं ते विचारू नका), १८४० नंतर विजेवर मुलामा द्यायची पद्धत आली. पाऱ्याचा मुलामा जरा गडद, ऊबदार पिवळा दिसतो. तुमच्या डबीत तो शाबूत असेल तर हात लावू नका, पुसायचं तर अजिबातच नाही.

आता शिक्के. सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. तिथल्या कारखानदारांना आधी आपला माल तपासून शिक्का मारायला चेस्टरला नाहीतर लंडनला पाठवायला लागायचा, रस्ते भयंकर, माल चेपून परत यायचा, म्हणून मॅथ्यू बोल्टन या उद्योजकाने पार्लमेंटमध्ये खटपट करून १७७३ मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफील्ड दोघांनाही स्वतःचं तपासणी ऑफिस मिळवून दिलं. गोष्ट अशी सांगतात की हे सगळे लोक लंडनला 'क्राउन अँड अँकर' नावाच्या टॅव्हर्नमध्ये भेटायचे म्हणून एका गावाला मुकुट मिळाला आणि दुसऱ्याला नांगर. समुद्रापासून एवढ्या लांबच्या बर्मिंगहॅमला नांगर कशाला, याला यापेक्षा चांगलं उत्तर मला तरी मिळालेलं नाही. डोकं आहे ते राजाचं किंवा राणीचं, म्हणजे त्या वस्तूवरचा टॅक्स भरलाय. ते १७८४ मध्ये सुरू झालं आणि १८९० ला बंद, म्हणजे तुमची डबी १८९० च्या आधीची हे इथेच ठरलं.

अक्षर म्हणजे साल. दरवर्षी अक्षर बदलायचं, आणि ए बी सी डी संपली की नव्या वळणात पुन्हा ए पासून. बर्मिंगहॅमच्या फेऱ्या १७७३, १७९८, १८२४, १८४९, १८७५, १९०० अशा सुरू होतात, त्यामुळे नुसतं अक्षर बघून चालत नाही, त्याचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार पण जुळवायला लागतो, त्याचे तक्ते नेटवर फुकट मिळतात. अक्षर जुलैत बदलायचं, म्हणून जाणकार लोक साल सांगताना '१८३६-३७' असं जोडून सांगतात.

पाचवा शिक्का कुठेतरी असणार, बनवणाऱ्याची इंग्रजी आद्याक्षरं. 'एन. एम.' सापडलं तर मला लगेच कळवा. तो नॅथॅनिएल मिल्स, या प्रकारातला सगळ्यात नावाजलेला माणूस, १८३० आणि ४० च्या दशकांत त्याच्याकडच्या डब्यांच्या झाकणांवर विंडसर कॅसल, वॉरिक कॅसल, लेखक वॉल्टर स्कॉटचं ॲबट्सफर्ड हे घर, असली ठिकाणं उठावात केलेली असायची, त्यांना 'कॅसल टॉप' म्हणतात. तेव्हा रेल्वे नुकती येत होती, लोक फिरायला लागले होते, आठवण म्हणून घ्यायचे. त्याच्या आधीच्या पिढीतले सॅम्युअल पेम्बर्टन, जोसेफ टेलर, मॅथ्यू लिनवुड हेही मोठे. लिनवुडने १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईनंतर ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याची व्हिनेग्रेट काढली, झाकणावर नेल्सनचा चेहरा आणि आतल्या जाळीत त्याचं 'व्हिक्टरी' जहाज कापलेलं! नखाएवढ्या जागेत. मला विचाराल तर कॅसल टॉपपेक्षा जाळीच जास्त बघण्यासारखी असते, झाकणावरचं काम साच्याने पण होतं, जाळी कापताना हात लागतो.

आणि एक, आजोबा इंग्लंडला गेले तेव्हा ही फॅशन संपून पन्नास वर्षं झाली होती. म्हणजे त्यांनीही ती जुन्या वस्तूंच्या दुकानातूनच घेतली असणार. घरात कलेक्टर होता म्हणायचं तुमच्या.

मी लेस्टरला जॉब करतो. इथे रविवारच्या बाजारात अशा खूप डब्या दिसतात. जमवायला सुरुवात करायची आहे, पण पगारातून फार नाही उरत. कशापासून सुरू करू?

व्हेस्टा केसपासून. व्हेस्टा केस म्हणजे खिशातली काडेपेटी. १८२७ च्या सुमाराला जॉन वॉकर नावाच्या केमिस्टने घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या, पुढे मेणाच्या छोट्या काड्या आल्या, आणि त्या कशावरही घासल्या की पेटायच्या, म्हणजे खिशातही! त्यामुळे धातूची डबी पाहिजेच. तळाला खरखरीत पट्टी, वर स्प्रिंगचं झाकण, बाजूला घड्याळाच्या चेनला अडकवायची कडी. १८८० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत ढिगाने बनल्या आणि ढिगाने उरल्या, म्हणून साधी कोरीव वेलबुट्टीची व्हेस्टा व्हिनेग्रेटच्या कितीतरी खाली मिळते. बहुतेक बर्मिंगहॅमच्या, पण चेस्टरचा शिक्का (तीन गव्हाच्या पेंढ्या आणि मधे तलवार) दिसला तर गोंधळू नका, बर्मिंगहॅमचेच बरेच कारखानदार चेस्टरला शिक्का मारून घ्यायचे, ते ऑफिस १९६२ ला बंद झालं.

बाजारात गेलात की डबी हातात घेऊन पहिल्यांदा शिक्के बघू नका, बिजागरी बघा. शिक्का खोटा मारता येतो, दीडशे वर्षं उघडझाप झालेली बिजागरी खोटी करणं अवघड. झाकण बंद करताना हलका 'टक्' आवाज यायला पाहिजे, डावीउजवीकडे हलता कामा नये, फट दिसता कामा नये. बिजागरीजवळ राखाडी, मळकट असा ठिपका दिसला तर कुणीतरी शिशाच्या सोल्डरने जोडलंय, ते चांदीला डागाळून ठेवतं आणि पुढे नीट दुरुस्त करायचं म्हटलं तरी कारागीर नको म्हणतो. नंतर उजेडाकडे धरून कोपरे बघा, जिथे नक्षी उठावाची आहे तिथे घासून घासून बारीक भोकं पडतात. त्यानंतर शिक्के, तळावर आणि झाकणावर दोन्हीकडे, आणि ते एकमेकांशी जुळले पाहिजेत.

आणि सगळं थोडं थोडं घेत बसू नका. नटमेग ग्रेटर, म्हणजे जायफळ किसायची डबी (लोक पंच नावाच्या दारूच्या पेयावर किसायला स्वतःचं जायफळ खिशात घेऊन फिरायचे), पोस्टाच्या तिकिटांची डबी, व्हिजिटिंग कार्डाची केस, गोळ्यांची, सुयांची, एवढे प्रकार आहेत की डोकं फिरतं. एक प्रकार धरा, नाहीतर एक गाव, नाहीतर एक बनवणारा. सॅम्प्सन मॉर्डन नावाच्या लंडनच्या कंपनीने (तीच पुढेमागे होणाऱ्या शिश्याच्या पेन्सिलवाली, १८२२ चं पेटंट) इनॅमलवर, म्हणजे मीनाकामात, सैनिक, बॅलेरिना, घोडे असली चित्रं काढलेल्या व्हेस्टा केल्यात, त्या बघून हावरट व्हायला होतं, पण त्या आत्ता तुमच्यासाठी नाहीत.

ऑनलाइन लिलावात 'कॅसल टॉप' व्हिनेग्रेट बरीच स्वस्त दिसतेय. घेऊ का? फसवणूक कशी ओळखायची? (ठाणे)

स्वस्त कॅसल टॉप असा प्रकार फारसा नसतो. होतं काय, साधी, खरी, जुनी व्हिनेग्रेट घ्यायची, तिच्या झाकणावर नवीन उठावाचा पत्रा बसवायचा, शिक्के खरेच असतात त्यामुळे माणूस फसतो. झाकण आतून बघायला मागा, पत्रा दुहेरी वाटतो का, कडेला सांध्याची रेघ दिसते का, आणि बाहेरच्या बाजूची झीज आतल्या मुलाम्याच्या झिजेशी जुळते का. व्हेस्टा केसमध्ये हाच खेळ इनॅमलने करतात, जुन्या साध्या डबीवर नवं चित्र भाजायचं, कुत्रे, क्रिकेट, आणि उघड्या बायका, कारण ते विकतं. जुनं इनॅमल कडेला थोडंतरी टवकलेलं असतं आणि काचेसारखं दिसतं, नवीन पुष्कळदा प्लास्टिकसारखं.

ओतीव खोटा शिक्का भिंगाखाली ओळखू येतो, कडा बोथट आणि आत बारीक फोडासारखे दाणे दिसतात. ठोकलेल्या खऱ्या शिक्क्याच्या कडा तेज असतात, मागच्या बाजूला किंचित फुगवटा पण दिसतो कधी कधी. शिक्के असलेला तुकडा दुसऱ्या वस्तूतून कापून बसवलेला असेल तर त्यावर तोंडाची वाफ सोडा, भोवतालची जोड लगेच दिसते. शिवाय व्हिनेग्रेटच्या आतल्या जाळीवर बहुतेक वेळा सिंह आणि बनवणाऱ्याची अक्षरं असतात, जाळी पूर्ण कोरी असेल तर तपकिरीच्या डबीला कुणीतरी नंतर जाळी लावली का हा प्रश्न विचारायलाच पाहिजे. उलटंही होतं, जाळी हरवली की तीच व्हिनेग्रेट 'पिल बॉक्स' म्हणून विकायला येते.

पण एक अपवाद लक्षात ठेवा, १७९० च्या आधीच्या छोट्या वस्तूंवर पूर्ण शिक्के मारलेच पाहिजेत असं नव्हतं, नुसता सिंह आणि बनवणाऱ्याची अक्षरं एवढंच असू शकतं. तेवढ्यावरून खोटी ठरवू नका. आणि ढालींमध्ये 'ई पी एन एस' अशी चार अक्षरं दिसली तर लांबून हॉलमार्कसारखं वाटतं पण तो नुसता चांदीचा मुलामा.

आजीचा चांदीचा कुंकवाचा करंडा आणि पणजोबांची चुन्याची डबी आहे. एकही शिक्का नाही. सराफ म्हणतो शिक्का नाही म्हणजे अँटिक नाही, मोडीत घालून नवीन ताट-वाटी करा. मिस्टरांनाही तेच वाटतं. (महाल, नागपूर)

सराफालाही हात जोडा आणि मिस्टरांनाही. इंग्लंडसारखी तपासून शिक्का मारायची सक्ती आपल्याकडे त्या काळात नव्हतीच, त्यामुळे शिक्का नसणं हेच नॉर्मल. जे शिक्के दिसतात ते साहेबलोकांसाठी माल करणाऱ्यांचे, कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची पी. ऑर अँड सन्स, भुजचा ऊमरसी मावजी. हा ऊमरसी 'ओ. एम. भुज' असा इंग्रजी शिक्का मारायचा आणि त्याची कच्छी वेलबुट्टी इतकी दाट असते की सपाट जागाच राहत नाही, त्यामधे मधेच हरीण, वाघ, साप. पुण्यातही हीराप्पा बुचेनासारखे कारागीर देवदेवतांच्या आकृतींचं काम करत होते. पण तुमच्या आजीचा करंडा गावातल्या सोनाराने केला, त्याला कोण शिक्का मारणार, त्याचं तोंड ओळखीचं होतं तेवढं बास.

बरं, चांदी कुठून यायची, तर बऱ्याचदा घरचेच राणीछाप रुपये सोनाराच्या हातात द्यायचे आणि त्यांचीच वस्तू करून घ्यायची. तो रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर तोळ्याचा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे साधारण ९१.७ टक्के. त्यामुळे तुमच्या करंड्याचा कस तपासल्यावर ९० च्या आसपास आला तर आश्चर्य नको, उलट बरं वाटू दे. स्टर्लिंगपेक्षा फार काही कमी नाही.

जुना कसा ओळखायचा? आतून बघा, हातोडीचे बारीक ठोके दिसतात का. फिरकीचं झाकण असेल तर आटे हाताने कापलेले थोडे वेडेवाकडे असतात. झाकणाच्या टोकाशी, जिथे चिमटीत धरून उघडतात, तिथली नक्षी गुळगुळीत झालेली असते आणि खालची शाबूत, ही झीज खोटी करताना लोक सगळीकडे सारखं घासतात तिथे पकडले जातात. करंड्यात आत मेणाचा वेगळा कप्पा असेल (आधी मेण लावून मग त्यावर कुंकू), झाकणात आरशाची खोबण असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, असे पूर्ण संच फार कमी उरलेत. कुंकवाचा लाल डाग खरवडू नका प्लीज.

आता हिशोब करा. चुन्याची डबी ४० ग्रॅमची धरली, चांदी किलोला लाख रुपये धरली, तर झाले चार हजार. भाव दुप्पट धरा, आठ हजार. त्यातून सराफाची घट जाणार, नव्या वाटीची मजुरी वर द्यायला लागणार. चांदीचा भाव वाढला की अशा लहान वस्तू आधी मुशीत जातात कारण कुणाला त्यांची अडचण वाटत नाही, ताम्हण विकताना माणूस दहादा विचार करतो, डबी विकताना नाही. आजच्या तारखेला या डब्यांचा मोठा बाजार आपल्याकडे नाही हेही खरं, कुणी लाखो रुपये घेऊन दारात उभा राहणार नाहीये. पण नागपुरात आज कुठल्या सोनाराला सांगा बरं असा करंडा हाताने करून दे म्हणून.

चांदीच्या डब्या आम्ही वर्षानुवर्षं रांगोळीने घासतो, लख्ख होतात. यूट्यूबवर फॉइल आणि खायचा सोडा दाखवतात, टूथपेस्ट पण. सगळ्यात चांगलं काय? (कोल्हापूर)

रांगोळी बंद करा, आजच. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती काळेपणाबरोबर चांदी पण घेऊन जाते, दर दिवाळीला थोडी थोडी. ज्या घरात सासूबाई फार स्वच्छ होत्या त्या घरातल्या डब्यांवरची नक्षी पुसट असते, हे मी इतक्यांदा बघितलंय. टूथपेस्टचंही तेच, तिच्यातही घासणारी पूड असते.

फॉइल आणि सोडा यामागे केमिस्ट्री खरी आहे. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो, आणि गरम सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमला टेकवलं की तो थर सुटून चांदी तिथेच परत राहते, घासायला लागत नाही. साध्या ताटलीला, चमच्याला चालेल. पण डबीला नको, कारण पाणी बिजागरीत आणि दुहेरी पत्र्यात शिरतं ते निघत नाही, इनॅमल किंवा मुलामा असेल तर धोका, आणि नक्षीच्या खोलगट भागातला जो काळेपणा असतो त्यानेच नक्षी उठून दिसते, तो पण जातो आणि डबी कालच केल्यासारखी फिकट पांढरी दिसायला लागते. काळं घालवायचं द्रावण मिळतं त्यात बुडवण्याबद्दलही हेच.

मऊ सुती कापड, जुनं धोतर सगळ्यात भारी, त्याने नुसतं पुसा. फारच काळी असेल तर चांगल्या प्रतीचं चांदीचं पॉलिश कापसाच्या बोळ्यावर अगदी थोडं, शिक्क्यांची जागा सोडून, वर्षातून एकदा पण नको, दोनतीन वर्षांनी. ठेवताना रबर बँड लावू नका, लोकरीत गुंडाळू नका, वर्तमानपत्रात तर नाहीच, हवाबंद पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांनी पावसाळ्याआधी पुडी बदलायची.

लंडनहून आणलेल्या व्हेस्टा केसवर कुणा परक्याची अक्षरं आणि १८९२ साल कोरलंय. सोनार म्हणतो पुसून देतो. (विलेपार्ले)

नको. पुसली की तिथला पत्रा पातळ होतो, वाफ सोडली की डाग दिसतो, आणि घेणारा पहिली तीच जागा बघतो. त्या परक्या माणसाला राहू द्या.

मुलगी अमेरिकेत आहे. तिला पणजीची चांदीची डबी द्यायची आहे, पुढच्या महिन्यात जातोय, पर्समध्ये टाकून नेली तर? (डोंबिवली)

आधी वय बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा जास्त जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, विकायला असो की मुलीला द्यायला. शिक्षा कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, वर दंड. वय शंभरच्या आतलं वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे वस्तू दाखवून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि मगच न्या, एअरपोर्टवर 'घरचीच आहे हो' हे ऐकत नाहीत. पुढच्या महिन्यात जाताय म्हणजे घाई आहे, या खेपेला राहू द्या, मुलगीच येईल की सुट्टीला.

याच कायद्यात पुरावस्तू विकायचा धंदा करणाऱ्याला लायसन्स लागतं, तेव्हा दुकानातून शंभरीपार डबी घेताना बिल मागा, त्यावर वस्तूचं वर्णन लिहून घ्या.

सोलापूरच्या जुन्या बाजारात लिंगायत लोक गळ्यात घालतात तशी इष्टलिंगाची चांदीची डबी विकायला होती. सुंदर आहे, पण घ्यावी की नाही कळत नाही. (पंढरपूर)

परदेशात या डब्या जमवणारे भरपूर आहेत, आकारच तसा देखणा, घुमटीसारखा नाहीतर अंड्यासारखा. पण ही तपकिरीची डबी नव्हे, कुणीतरी ती आयुष्यभर अंगावर बाळगलेली असते. माझं मत विचारलंत म्हणून सांगते, विकणाऱ्याला ती कुठून आली हे नीट सांगता आलं, घरच्या लोकांनी स्वतःहून दिली असं कळलं, तर घ्या. 'आली कुठूनतरी' असं उत्तर आलं तर सोडून द्या. आणि घेण्याआधी उघडून बघा, आत लिंग असेल तर ती वस्तू तुमच्या शोकेसची नाही, तिथल्या मठात नेऊन द्या.

यात पैसे गुंतवले तर शेअरपेक्षा बरे का? (पिंपरी)

नाही.

व्हिनेग्रेट घेतली तर तिच्यात आपलं अत्तर घालून वापरता येईल का? की पाप लागेल? (पणजी)

पाप कसलं, त्यासाठीच केलीय ती! फक्त तेलकट अत्तर थेट आत ओतू नका, जाळीच्या बारीक भोकांत तेल बसतं, त्यावर धूळ बसते, आणि मग माणूस टाचणीने कोरायला जातो आणि जाळी मोडते. आत जुना स्पंज असेल तर तो काढून कागदात गुंडाळून जपून ठेवा, मूळचा असायची शक्यता कमी पण सांगता येत नाही. त्याच्याजागी कापसाचा लहान तुकडा, त्यावर वाळ्याचा किंवा मोगऱ्याचा एक थेंब, कार्यक्रम झाला की कापूस काढून टाकायचा, डबी उघडी ठेवून वारा लागू द्यायचा. व्हिनेगर मात्र नको, मुलामा कुठे झिजलाय ते आपल्याला दिसत नाही, त्याला बरोबर सापडतं.

पुढच्या अंकासाठी फोटो पाठवणाऱ्यांनी एवढं करा, फ्लॅश बंद, खिडकीजवळ तिरक्या उजेडात डबी धरा, शिक्क्यांचा फोटो एकदम जवळून, बिजागरीचा वेगळा, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. पॉलिश करून पाठवू नका.